वॉकर आडनावाची पुष्कळ माणसं

वर्तमानपत्राच्या पानावर मजकूर कमी पडला की तळाशी रिकामी जागा उरते. वाचकाला ती कधी दिसत नाही, कारण ती दिसू न देणं हे उपसंपादकाचं काम असतं. त्या जागेत काय घालायचं या विचारात माझ्या कुवेतमधल्या नोकरीचा बराच काळ गेला. पुण्यात मराठी दैनिकात उमेदवारी करत होतो तेव्हा आम्ही तिथे सुविचार टाकत असू. कुवेतच्या इंग्रजी दैनिकात सुविचार चालत नव्हते. एका दुपारी शेवटच्या पानावर अशीच जागा उरली. आमचा वृत्तसंपादक जोसेफ केरळचा. तो कधी आवाज चढवत नसे. म्हणाला, "काहीतरी भर. खोटं सोडून काहीही."

मी ‘स्मिथ’ या आडनावावर काही ओळी लिहिल्या. स्मिथ म्हणजे धातू ठोकणारा, लोहार. इंग्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. दुसऱ्या दिवशी वाचकांचे फोन आले. टेलरचं काय, कूपरचं काय, आमचं कधी देणार. त्या आठवड्यात दुसरी कुठलीही बातमी वाचल्याचं कुणी कळवलं नव्हतं. जोसेफने ती जागा मला दर आठवड्याला देऊन टाकली. पुढे ते सदर झालं आणि कागदी आवृत्ती बंद होईपर्यंत चाललं.

बाहेरच्या माणसाला हे काम गमतीचं वाटतं. ते तसं सरळ होतं. इंग्रजी आडनावं ढोबळ मानाने चार वाटांनी आली: गावावरून, बापाच्या नावावरून, अंगच्या एखाद्या खुणेवरून आणि धंद्यावरून. मी धंद्यावरची घेतली, कारण त्यांत सांगण्यासारखं काहीतरी असायचं. कूपर पिंपं करायचा, फ्लेचर बाण करायचा, चँडलर मेणबत्त्या विकायचा. उगम सांगायचा, मूळ प्रांत सांगायचा आणि शेवटी आज ते आडनाव किती आढळतं हे एका वाक्यात सांगायचं. या शेवटच्या वाक्यावर वाचकांचं फार लक्ष असे. आपण पुष्कळ आहोत हे वाचून काहींना बरं वाटे, काहींना वाईट.

एक गोष्ट मलाही उशिरा कळली. जो धंदा सर्वांत जास्त लोक करत, त्याचं आडनाव सर्वांत जास्त होत नाही. गावात सगळेच शेती करत, म्हणून शेती करतो एवढ्यावरून कुणाला ओळखता येत नसे. लोहार मात्र गावात एकच असे आणि प्रत्येक गावात असे. म्हणून स्मिथ इतके झाले. ते एकमेकांचे कुणी नव्हेत. प्रत्येक गावचा लोहार स्वतंत्र, त्याचा वंश स्वतंत्र. आडनाव सारखं, रक्त वेगळं.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटवणं कठीण जाई. मराठी माणूस आडनाव ऐकलं की मूळ गाव विचारतो, गाव जुळलं की कुलदैवत विचारतो आणि तेही जुळलं की समोरचा माणूस भावकीतला ठरतो. मग सुतक पाळायचं की नाही इथपर्यंत बोलणं जातं. एका बँकेत काम करणारे देशपांडे गणेशोत्सवात मला म्हणाले, "तुम्ही त्या स्मिथांची पाळंमुळं खणता, आमचं कधी काढणार?" त्यांची मुलगी शेजारीच मोदक खात होती. तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, स्मिथ इज जस्ट लोहार, राइट?" देशपांडे म्हणाले, "मराठीत बोल." ती म्हणाली, "लोहार मराठीच आहे."

एक पारशी गृहस्थ होते, निवृत्त हिशेबनीस, आडनाव कॉन्ट्रॅक्टर. त्यांनी फोन करून तक्रार केली. "आमचं आडनाव इंग्रजी नाही काय? ते मुंबईत बनलं म्हणून इंग्लंडचे लोक त्याला घरात घेणार नाहीत काय?" मी म्हटलं, उगम सांगा, छापतो. ते म्हणाले, "आजोबांनी दोन पूल बांधले. त्यातला एक पडला. आडनाव उभं आहे." मी ते छापलं. जोसेफने ‘एक पडला’ हे वाक्य काढायला सांगितलं आणि पुन्हा वाचून राहू दिलं.

तेल कंपनीतल्या एका स्मिथला आपल्या घराण्याचं ढाल-तलवारीचं कुलचिन्ह असणार याची खात्री होती. नाही म्हटल्यावर त्याने पेपर बंद केला. लॉरिमर नावाच्या एका बाई मात्र आपलं आडनाव फार थोड्यांचं आहे हे वाचून इतक्या खूश झाल्या की अंकाच्या प्रती मागवून मायदेशी पाठवल्या. लॉरिमर म्हणजे घोड्यांचे लगाम आणि रिकिबी करणारा. बाई कधी घोड्यावर बसल्या नव्हत्या.

या सगळ्या वाचकांत एक वाचक वेगळा होता. तो फक्त चुका कळवायचा. ईमेल छोटी, नमस्कार-चमत्कार नाही. "आपण मागच्या आठवड्यात शतक चुकलात." "आपण हा शब्द फ्रेंचमधून आला म्हणता. आधी लॅटिन पाहा." खाली सही: वॉकर, हवल्ली. म्हणजे कुवेतमध्येच राहणारा. मी तपासून बघायचो. बहुतेक वेळा तो बरोबर असे. मी दुरुस्ती छापायचो. आभाराचं उत्तर पाठवलं तर त्याला उत्तर येत नसे. आमची कधी भेट झाली नव्हती. एकदा मी फुलर आणि टकर या आडनावांवर लिहिलं तेव्हा त्याने एकच ओळ पाठवली: "आणि आम्ही?"

तो प्रश्न रास्त होता. फुलर, टकर आणि वॉकर ही तिन्ही एकाच धंद्याची नावं. लोकरीचं कापड मागावरून निघालं की ते सैल आणि तेलकट असतं. ते पाण्यात, चिकणमातीत आणि शिळ्या मुतात भिजवून तासन् तास पायांनी तुडवायचं, मग ते घट्ट होतं आणि स्वच्छ निघतं. हे तुडवणाऱ्या माणसाला इंग्लंडच्या आग्नेयेला फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेकडे वॉकर. पुढे हे काम पाणचक्क्या करू लागल्या. माणसं हटली, आडनावं राहिली. मी वॉकरवर लिहिणार होतो. दर आठवड्याला त्याच्यापुढे दुसरं काहीतरी येत गेलं.

मग एका सकाळी कचेरीच्या स्वागतकक्षातून निरोप आला की एक बाई भेटायला आल्या आहेत, मराठीत बोलतात आणि जायला तयार नाहीत.

रुकैयाबी मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावच्या. नवरा वारल्यावर कुवेतला आल्या होत्या. राहायला फरवानियात, बाहेरून आलेल्या कामकरी लोकांच्या वस्तीत, चार बायकांबरोबर एका खोलीत. रोज बसने हवल्लीला जाऊन एका वृद्ध इंग्रजाचं घर सांभाळत होत्या. काळा बुरखा, हातात भाजीची पिशवी. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, तुमीच लिवता ना आडनावांचं?"

"हो."

"आमचे सायेब वाचतात ते. वाचतात नि हसतात. मग टायपिंग करतात."

मी विचारलं, "साहेबांचं नाव काय?"

"वॉकर."

वॉकर आजारी होते. हॉस्पिटलात होते आणि तिथून घरी येतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी इथल्या एका शिकवणी वर्गात बँकांच्या कारकुनांना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवला होता. नातेवाईक कोण, असं हॉस्पिटलने विचारलं तेव्हा त्यांनी ‘कुणी नाही’ असं सांगितलं. ते खरं नाही हे रुकैयाबींना माहीत होतं. कोरोनाच्या काळात, बाहेर जायला बंदी होती तेव्हा, त्या त्यांच्याच घरी अडकून पडल्या होत्या. एके दिवशी भात वाढताना साहेब बोलून गेले होते की आपली मुलगी भाताला हात लावत नसे. पुन्हा तिचा विषय निघाला नाही. तिचं नाव रुकैयाबींना ठाऊक नव्हतं.

"तुमी पेपरात लिवा," त्या म्हणाल्या. "वॉकर आडनावाचं लिवा. त्यांच्यातलं कोन ना कोन वाचील नि येईल."

मी त्यांना समजावलं. वॉकर हे इंग्लंडमधल्या अगदी नेहमीच्या आडनावांपैकी आहे. अमेरिकेत आहे, ऑस्ट्रेलियात आहे, वेस्ट इंडिजमध्ये आहे. तिथल्या गुलामांना मालकांची आडनावं मिळाली, त्यामुळे ज्यांच्या पूर्वजांनी कधी लोकरीला पाय लावला नाही असेही पुष्कळ वॉकर आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुष्कळ हायत म्हंजे बरंच झालं की. आमच्या गावात आमच्या आडनावाची सात घरं. कोन मेला तर सातही घरांत चूल पेटत नाय, शेजारी जेवन देतात. सात घरांचं असं, तर त्यांची येवढी घरं. येक माणूस नाय येनार?"

मी पुन्हा समजावलं नाही. त्यांचं म्हणणं चूक होतं, पण ते चूक आहे हे त्यांना पटण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

जिवंत माणसाबद्दल त्याला न विचारता छापायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून मी दुपारी हॉस्पिटलात गेलो. वॉकर उशांना टेकून बसले होते. नाकाला नळी. हात लांब, हाडकुळे. मी नाव सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शतकं चुकणारा तूच."

"हो."

"मला वाटलं होतं तू तरुण असशील. तरुण असतास तर त्या चुकांना काही सबब होती."

मी येण्याचं कारण सांगितलं. मग त्यांनी खुर्चीत बसलेल्या रुकैयाबींकडे बोट केलं. तिला वाटतं की मी एखाद्या टोळीचा माणूस आहे, म्हणाले. टोळीला निरोप गेला की टोळी येते.

"छापू?" मी विचारलं.

"छाप. कुणी येणार नाही. पण फुलर आणि टकर झाले, आम्ही राहिलो. ते बरोबर नव्हतं." मग अटी सांगितल्या. आजाराचं नाव नको. फोटो नको. ‘वृद्ध’ नको, ‘एकाकी’ तर नकोच. "विशेषण एकही नको. मी माझ्या विद्यार्थ्यांना विशेषणं वापरू दिली नाहीत. माझ्यावर ती वापरली जाऊ नयेत."

रुकैयाबींनी मला विचारलं, "काय म्हनाले?"

"छापा म्हणाले."

त्यांनी साहेबांच्या पायांवरची चादर ओढून सारखी केली. "म्हनजे येतील म्हनून वाटतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "तोंडानं बोलनार नायत."

जोसेफ अशा गोष्टींवर नाराज असे. सदर माहितीसाठी आहे, माणसं शोधण्यासाठी नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा सुरू केलं की उद्या अख्खा फरवानिया दारात उभा राहील. मी ते नाकारलं नाही. सदराच्या शेवटी एकच वाक्य घालू द्या, म्हटलं. त्याने मजकूर वाचला. वॉकर आडनावाचे एक शिक्षक कुवेतमध्ये रुग्णालयात आहेत, त्यांच्या कुटुंबीयांनी संपादकांशी संपर्क साधावा. जोसेफ म्हणाला, "‘कुटुंबीयांनी’ हा शब्द स्पष्ट आहे ना? नाहीतर सगळेच लिहितील."

शब्द स्पष्ट होता. सगळ्यांनी लिहिलं.

त्या सदराला जितकी उत्तरं आली तितकी आधी कशालाच आली नव्हती. संकेतस्थळावरून मजकूर कुठे कुठे पोचला होता. यॉर्कशरमधून, कॅनडातून, जमैकातून ईमेल आल्या. आमच्या पणजोबांची गिरणी होती, ते यातलेच का? आमचं कुलचिन्ह कुठे मिळेल? एकाने आपली वंशावळ जोडली होती आणि ती तपासून द्यावी म्हणून कळवलं होतं. एकाचं म्हणणं होतं की कापड तुडवण्याची गोष्ट साफ चूक आहे, वॉकर म्हणजे जंगलात गस्त घालणारा राजाचा माणूस. तसा एक दुय्यम उगम खरोखर सांगतात. मी तो जागेअभावी गाळला होता. एका बाईंनी आपल्या घरातल्या सगळ्या वॉकरांचे पाय मोठे आहेत असं लिहिलं आणि त्याला काही शास्त्रीय आधार आहे का असं विचारलं.

मी प्रत्येक ईमेल शेवटपर्यंत वाचली, कारण शेवटी तरी कुणी विचारलं असेल असं वाटायचं. रुग्णालयात कोण आहे, कसा आहे, एकानेही विचारलं नव्हतं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांनी आपलं आडनाव पाहिलं आणि त्यात स्वतःला पाहिलं. मी सदर लिहीत होतो तेही त्याचसाठी.

रुकैयाबी चौकशीला आल्या तेव्हा संगणकाच्या पडद्यावर ती सगळी उत्तरं उघडी होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण साहेबांचं आडनाव त्या ओळखत होत्या. दारावरच्या पाटीवर ते त्यांनी रोज पाहिलं होतं. पडद्यावर ते एकाखाली एक होतं. त्यांनी बोट लावून दाखवलं.

"हे? नि हेपन?"

"हो, पण—"

जोसेफने त्याच क्षणी मला हाक मारली. कसली तरी बातमी बदलायची होती, पान छपाईला जायच्या आत. मी परत आलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.

त्या सरळ हॉस्पिटलात गेल्या आणि त्यांनी, दोघं एकमेकांशी बोलत त्या मोडक्यातोडक्या हिंदीत, साहेबांना सांगितलं की तुमची माणसं सापडली, खूप आहेत, सगळ्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांनी बसमधून उतरून वाटेत दुसरी चादर विकत घेतली होती, कारण हॉस्पिटलची चादर पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही असं त्यांना वाटलं. मी संध्याकाळी भेटीच्या वेळेत पोचलो तेव्हा वॉकरांच्या पायांवर निळी फुलं असलेली चादर होती आणि त्यांची दाढी केलेली होती.

"ती म्हणते पुष्कळ आले," ते म्हणाले.

"पुष्कळ आले."

"वाचून दाखव."

मी फोनवरून वाचून दाखवलं. कुलचिन्ह, गिरणी, जंगलातली गस्त. मोठ्या पायांचं आलं तेव्हा ते हसले. हसण्याचा खोकला झाला आणि नर्सला यावं लागलं. ती गेल्यावर ते म्हणाले, "आजही इंग्लंडमध्ये फार मोठ्या संख्येने आढळतं, असं तू लिहिलंस. त्यात चूक नाही. मी तपासलं." थोड्या वेळाने म्हणाले, "इतके जण, आणि त्यांतला एक तुला मिळाला नाही."

रुकैयाबी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. साहेबांचं हसू त्यांना दिसलं होतं. त्यांनी माझ्या हातात खजुराची डबी दिली. पाहुण्यांसाठी आणली होती, म्हणाल्या. ते येईपर्यंत तुम्ही खा.

मुलीचं उत्तर त्यानंतर आलं. तिचं आडनाव वॉकर नव्हतं. लग्नानंतर तिने नवऱ्याचं घेतलं होतं. आडनाव किती आढळतं हे मोजताना अशा बायका सुटून जातात, हे मी कधीकाळी सदरात लिहिलंही होतं. ईमेल छोटी होती. त्यातला मजकूर मी इथे पूर्ण देत नाही, कारण तो तिचा आहे. तीन गोष्टी होत्या. ते माझे वडील आहेत. मी येणार नाही. माझं नाव कुठेही छापू नये आणि मला पुन्हा कळवू नये. का, ते लिहिलं नव्हतं. विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

माझ्या धंद्यात दुसऱ्याचं म्हणणं बदलायचं नसतं. गाळायचं असेल तर गाळावं, पण त्यात आपला शब्द घालू नये. हॉस्पिटलच्या वाटेवर, हवल्लीच्या सिग्नलला थांबलो असताना, गाळता येईल का याचा विचार मी केला. तिने लिहिलं होतं की मला कळवू नका. त्यांना सांगू नका असं लिहिलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलं तर नाही म्हणणं मला जमलं नसतं.

त्यांनी विचारलं. मी खुर्चीत बसायच्या आत विचारलं, "आलं?"

मी वाचलं. ईमेल संपायला फार वेळ लागला नाही.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. मुलीचे शब्द ते स्वतःशी म्हणत असावेत.

"एक शब्द जास्त नाही," ते म्हणाले. "विशेषण नाही. कारणं नाहीत. मीच शिकवलं तिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून. चूक झाली की पूर्ण पत्र पुन्हा लिहायला लावायचो." शेवटी म्हणाले, "चांगलं लिहिलंय."

रुकैयाबींनी मला व्हरांड्यात गाठलं. "मुलीचं आलं ना? कधी येते?"

"ती येणार नाही."

"तिकिटाची अडचन हाय काय? आमी फरवानियातल्या बायका मिळून काय तरी—"

"तिकिटाची नाही. यायचं नाही तिला."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांना जे पटत नव्हतं ते मी समजावू शकत नाही हे आता त्यांनाही कळलं असावं. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तुमी सांगितलंत त्यांना?"

"हो."

"मी नसतं सांगितलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर माझ्याशी त्या फार बोलल्या नाहीत.

वॉकर आठवड्याच्या आत गेले. शेवटचे दिवस ते बोलत नव्हते. रुकैयाबी उशाशी बसून त्यांच्याशी कोकणीत बोलत असायच्या. गावच्या गोष्टी, कुणाच्या होडीचं काय झालं, कुणाच्या घरी कोण पाहुणे आले. साहेबांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण माणसाच्या जवळ माणसांची नावं घेतली जावीत, असं रुकैयाबींचं मत होतं.

दफनाला थोडे लोक होते. एक धर्मगुरू, वॉकरांचे दोन जुने विद्यार्थी, आता बँकेत वरच्या जागांवर असलेले, आणि मी. ऊन इतकं होतं की धर्मगुरूंनी प्रार्थना आवरती घेतली. रुकैयाबी आत आल्या नाहीत. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. धर्म वेगळा असला तरी कबरस्तान ते कबरस्तानच, म्हणाल्या. फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. मी बाहेर आल्यावर विचारलं, "माती कोनी टाकली?"

"आम्ही तिघांनी."

"त्यांच्यातलं कोन नव्हतं?"

"नाही."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. धूळ तशीच होती. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं. घरातल्या मयतावरून आलेल्याच्या हातावर घालतात तसं. मग म्हणाल्या, "आता पेपरात द्या. गेले म्हनून. कळू दे."

निधनवार्तेचा आमचा साचा ठरलेला होता. नाव, कुठले, इथे काय केलं, दफन कुठे झालं. शेवटची ओळ: त्यांच्या मागे अमुक, तमुक असा परिवार आहे. मी पहिल्या ओळी लिहिल्या. विशेषण वापरलं नाही. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. मुलगी आहे असं लिहिलं तर तिने घातलेली अट मोडत होती. नाव न घेता लिहिलं तरी ओळखणारे ओळखतील. कुणी नाही असं लिहिलं तर ते खोटं होतं. रुकैयाबींचं नाव घातलं तर जोसेफने विचारलं असतं, नातं काय. त्याला द्यायला माझ्याकडे शब्द नव्हता. मी ती ओळ गाळली.

पान मांडून झालं तेव्हा त्या निधनवार्तेखाली एका ओळीची जागा उरली. जोसेफ माझ्या खुर्चीमागे उभा होता. घड्याळाकडे पाहून म्हणाला, "भर काहीतरी."

माझ्याजवळ त्या क्षणी एकच वाक्य होतं. मागच्या सदरातलं, तपासलेलं, स्वतः वॉकरांनी बरोबर ठरवलेलं. मी ते टाकलं. ते जागेत नेमकं बसलं.

दुसऱ्या दिवशी रुकैयाबी अंक घेऊन आल्या. साहेबांच्या हवल्लीच्या घराची चावी घरमालकाला देऊन परस्पर आल्या होत्या. नवीन घर सुलैबियात मिळालं आहे, म्हणाल्या. एका कुवेती कुटुंबात, लहान मुलं सांभाळायची. अंक टेबलावर पसरून त्यांनी साहेबांच्या नावावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी ओळीओळीने मराठीत सांगत गेलो. त्या मान हलवत होत्या. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, कारण तिथे ते आडनाव पुन्हा आलं होतं.

"हे काय लिवलंय?"

मी वाचलं. "वॉकर हे आडनाव आजही इंग्लंडमध्ये फार मोठ्या संख्येने आढळतं."

त्यांनी अंकाची घडी घातली, पिशवीत भाजीच्या वर ठेवली.

"मग वाचील कोन तरी," त्या म्हणाल्या, आणि बस चुकू नये म्हणून निघाल्या.